पक्षी बघायला आधी दुर्बीण घ्यावी की कॅमेरा?
माझा कौल दुर्बिणीला, आणि तीही ८×४२. ८ पट मोठं दिसतं, ४२ मिमीच्या भिंगामुळे पहाटेच्या अंधुक उजेडातही रंग कळतात. भिगवणला हलत्या नावेतून रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उठला की ती चटकन डोळ्याला लागते. ८३ पट झूमवाला कॅमेरा पक्षी शोधेपर्यंत थवा पार!

पण शिक्रा (छोटा शिकारी पक्षी) की पावशा (कोकिळेच्या कुळातला), हा घोळ फोटोच सोडवतो. दोघंही वरून राखाडी, पोटावर आडव्या रेघा. घरी फोटो मोठा करून चोच बघायची: शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बरीचशी सरळ. आठवडाभर ज्याला शिक्रा म्हणून मिरवलं, तो माझा पावशाच निघाला. (‘पेर्ते व्हा’ ही पावशाची हाक; तसा ओरडला असता, तर कॅमेराही लागला नसता.)