हेल्डायव्हर्स २ घ्यावा की डीप रॉक? आधी बघा, तक्रार झाल्यावर काय बदलतं

चौघांनी मिळून खेळायचा गेम हवाय, आणि यादी शेवटी 'हेल्डायव्हर्स २' आणि 'डीप रॉक गॅलॅक्टिक' या दोन नावांवर येऊन थांबलीय, असं म्हणणारे गेल्या वर्षभरात मला साताऱ्यातच तिघे-चौघे भेटले. मी दोन्ही खेळतो. दोन्हींत किड्यांच्या झुंडी, दोन्हींत आपलीच गोळी आपल्या माणसाला लागते, दोन्हींत शेवटी यानाकडे धावत सुटायचं. ग्राफिक्स, किंमत, कुठल्या मशिनवर चालतो, हे तुम्ही एव्हाना बघितलंच असेल. मी एकाच गोष्टीबद्दल लिहितो: खेळाडूंनी तक्रार केली की त्या गेममध्ये नेमकं काय बदलतं, आणि तो बदल कोणाच्या वाट्याला येतो.

हेल्डायव्हर्स २ आला ८ फेब्रुवारी २०२४ ला. स्टॉकहोमच्या अ‍ॅरोहेड स्टुडिओचा गेम. पहिल्या महिन्यात जो तो रेलगन, ब्रेकर शॉटगन आणि पाठीवरचं शिल्ड घेऊन उतरत होता, कारण वरच्या, म्हणजे जास्त अवघड, लेव्हलला चार्जरसारखी चिलखती जनावरं अंगावर आली की दुसरं काही पुरं पडत नव्हतं. मार्चच्या पॅचमध्ये, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या अपडेटमध्ये, या तिन्ही गोष्टी कमी केल्या. ब्रेकरचं मॅगझिन १६ वरून १३ वर आलं. ओरड झाली. ऑगस्टमध्ये मोठं अपडेट आलं, दहावी लेव्हल मिळाली, पण त्याच अपडेटमध्ये फ्लेमथ्रोअर आणि आगीच्या गोळ्यांची ब्रेकर नर्फ झाली, म्हणजे त्यांची ताकद कमी केली. या वेळी ओरड इतकी वाढली की स्टुडिओने ६० दिवसांत सुधारणा करायचा शब्द दिला, आणि १७ सप्टेंबर २०२४ च्या पॅचमध्ये शस्त्रांची ताकद सरसकट वाढवून चिलखताचं गणितच बदललं. बहुतेकांना आनंद झाला. मग 'आता फार सोपं झालं' म्हणणारेही निघाले.

स्टुडिओला यात खलनायक ठरवायचं माझ्या मनात नाही. दिलेला शब्द त्यांनी पाळला, आणि सगळे एकच बंदूक वापरायला लागले की बाकीच्या बंदुका धूळ खातात हेही खरंच आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. या गेममध्ये दहा लेव्हल आहेत, ज्याला जी झेपेल ती त्याने घ्यावी. पण बंदूक सगळ्या लेव्हलना एकच. नवव्या लेव्हलवाल्यांच्या खेळावरून बंदूक कमी झाली, की चौथ्या लेव्हलवर शिकणाऱ्याच्या हातातलीही तेवढीच कमी होते. त्याची तक्रार नव्हती, त्याला कोणी विचारलंही नव्हतं. रोज पाच तास खेळणारा माणूस पानभर लिहितो. आठवड्यातून दोन तास खेळणारा काही लिहीत नाही, तो एक दिवस यायचा बंद होतो.

हा प्रकार जुनाच आहे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचा 'कॅटाक्लिझम' हा भाग डिसेंबर २०१० मध्ये आला. आधीच्या भागातल्या गुहा फार सोप्या झाल्या अशी जाणत्यांची तक्रार होती, म्हणून या भागातल्या हिरोइक, म्हणजे वरच्या पातळीच्या, गुहा मुद्दाम अवघड केल्या. लगेच उलट बाजूची तक्रार सुरू झाली, विशेषतः गटातल्या जखमींना बरे करणाऱ्या खेळाडूंची. त्यांचा माना, म्हणजे जादू करायची शक्ती, पुरेना. जानेवारी २०११ मध्ये डिझाइनर ग्रेग स्ट्रीट यांनी या अवघडपणाची बाजू घेऊन जाहीर लेख लिहिला. पुढच्या महिन्यांत गुहा हळूहळू सोप्या झाल्याच. ऑक्टोबर २०१० मध्ये १ कोटी २० लाख वर्गणीदार होते, ते वर्षभरात १ कोटी ३ लाखांवर आले. ते सगळे अवघडपणामुळेच गेले असं म्हणता येणार नाही, पण स्टुडिओने रस्ता बदलला हे दिसतं. नोव्हेंबर २०११ च्या पॅचमध्ये अनोळखी लोकांच्या गटासाठी रेडची, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या मोहिमेची, वेगळी, सोपी पातळी निघाली, आणि २०१६ च्या 'लीजन'मध्ये ज्याला जितकं अवघड हवं तितकं चढवत न्यायची किल्ली आली. एका मापात सगळ्यांना बसवायचा नाद त्यांनी सोडला.

'ओल्ड स्कूल रुनस्केप'ने २०१३ पासून आणखी तिसरी वाट धरली: नवी भर घालायची तर खेळाडूंचं मतदान घ्यायचं. सुरुवातीला त्याला ७५ टक्के होकार लागायचा. तिथे नुसता आवाज मोठा असून भागत नाही, हे मला आवडतं. पण तो गेम तुमच्या यादीत नाही, म्हणून पुढे जातो.

आता मी या मुद्द्यावर इतका का अडून बसलो ते सांगतो. गोष्ट २०२० ची, आणि ती या दोन्हींपैकी कुठल्याच गेमची नाही. तिसराच होता, त्याचं नाव घेत नाही.

लॉकडाऊन होतं. जिल्ह्याच्या हद्दीवर ई-पास लागत होता. मी साताऱ्यात गोडोलीला, ताई सांगलीत विश्रामबागला. एरवी महिन्या-दोन महिन्यांनी माहेरी येणारी ताई चार महिने आली नव्हती. भाच्याने तिला त्याच्या जुन्या लॅपटॉपवर बसवलं, कराडचा माझा मित्र आला, आणि शनिवारी जेवणं उरकली की आम्ही चौघं खेळायला लागलो. ताईने आयुष्यात त्याआधी पत्ते सोडून काही खेळलेलं नव्हतं. माऊसवर तिचा हात बसेना. पण तिला एक शॉटगन सापडली. दारात उभं राहायचं, आत येईल त्याला उडवायचं. मॅगझिन बारा गोळ्यांचं होतं आणि ती गोळ्या मोठ्याने मोजायची: नऊ, दहा, अकरा, बारा, "भरतेय रे!" मग आम्ही तिघं दाराकडे वळायचो. आमचा सगळा डाव त्या मोजण्यावर उभा होता. भाचा तर म्हणायचा, आई आहे तोवर दाराची काळजी नाही.

मग एका पॅचमध्ये त्या बंदुकीच्या बारा गोळ्यांच्या आठ झाल्या. वरच्या लेव्हलवाल्यांच्या मते ती ओपी, म्हणजे नको इतकी ताकदवान, होती. असेलही, वरच्या लेव्हलला आम्ही कधी गेलोच नाही. ताईला पॅच म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. शनिवारी ती नेहमीसारखी दारात उभी राहिली. सहा, सात, आठ, आणि नुसता टक्क आवाज. ती तशीच 'नऊ' म्हणाली. तोवर दोघं आत शिरले होते. पुढचा शनिवारही तसाच गेला, तिसराही. बोटांना एकदा लागलेली सवय लगेच सुटत नाही, आणि आठ गोळ्यांत तिला दार धरता येत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी तिने हेडफोनवर हळूच विचारलं, "माझंच काही चुकतंय का रे?" चौथ्या शनिवारी तिचं डोकं दुखत होतं. पाचव्याला घरात पाहुणे होते, आणि तेव्हा ई-पासशिवाय पाहुणे येऊ शकत नाहीत हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून २०२४ मध्ये हेल्डायव्हर्सच्या नर्फवरून गदारोळ झाला, तेव्हा माझ्या कानात ते 'नऊ' वाजलं. यात तो गेम आणि तो स्टुडिओ दोन्ही वेगळे आहेत, हे मान्य.

आता डीप रॉक. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा. फेब्रुवारी २०१८ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे अर्धवट असतानाच, आला, मे २०२० मध्ये पूर्ण झाला. दोन वर्षं खेळाडूंच्या सूचना घेत घेत वाढलेला, त्यामुळे तक्रार ऐकायची सवय त्याला लहानपणापासूनची. त्यात हॅझर्ड १ ते ५ अशा अवघडपणाच्या पातळ्या आहेत. जुन्या खेळाडूंना हॅझर्ड ५ सुद्धा पाणी वाटायला लागलं, तेव्हा २०२४ च्या पाचव्या सीझनमध्ये हॅझर्ड ५ च्या वर बटणं दिली. शत्रूंची संख्या, त्यांचा टणकपणा अशा गोष्टी ज्याला हव्यात त्याने वेगवेगळ्या चढवून घ्यायच्या. हॅझर्ड २ वर खेळणाऱ्याला या बटणांचा पत्ताही लागत नाही. त्याच्या आधी, २०२१ पासून, मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेले बदल, अधिकृतपणे आले होते. खेळाचं माप बिघडवणाऱ्या मॉडसाठी सेव्ह फाइलच वेगळी ठेवलीय, म्हणजे एकाचा प्रयोग दुसऱ्याच्या कमाईत मिसळत नाही.

आपल्याकडच्या जत्रेतलं कुस्तीचं मैदान आठवा. आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या, मग पंच इनामाचा आकडा पुकारत वर चढत जातात. ज्याला आपण त्या रकमेचे आहोत असं वाटतं तो लंगोट लावून पुढे येतो. जोड मान्य झाली तर हात मिळवायचा, नाही तर माघारी. कडेचे लोक 'जोड हलकी आहे' म्हणून ओरडतात तेव्हा पंच जोड बदलतात. शेवटच्या कुस्तीची जोड हलकी होती म्हणून रेवडीवाल्या पोराच्या पायात कोणी धोंडा बांधत नाही. डीप रॉकने, माझ्या नजरेत, पंचांचं हे काम नीट ओळखलंय.

तिथे सगळं गोड आहे असंही सांगणार नाही. बंदुकांची मापं डीप रॉकमध्येही बदलतात. हॅझर्ड चौघांना मिळून एकच लागतो, तो यजमान ठरवतो. त्यामुळे एक तरबेज आणि एक नवखा अशी जोडी असेल तर कोणाला तरी वाकावं लागतं. वरच्या हॅझर्डला बक्षीस जास्त, म्हणून तरुण पोरं खालच्या हॅझर्डवर चुळबुळ करतात. भाचा करतोच. आणि त्याच गुहा, तेच किडे, हे काही महिन्यांनी जाणवतं. एकट्याने खेळायचं असेल तर सोबतीला बॉस्को नावाचा ड्रोन मिळतो आणि त्याला इंटरनेटही लागत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे वायफाय जातं तेव्हा हे कामाला येतं.

हेल्डायव्हर्समध्ये जे आहे ते डीप रॉकमध्ये नाही, हेही तितकंच खरं. तिथे सगळ्या जगातले खेळाडू मिळून एकच युद्ध लढतात. वरून हुकूम येतो, अमुक ग्रह वाचवा, आणि तो वाचला की आपण मारलेल्या चार किड्यांचाही त्यात वाटा असतो. ती गंमत मोठी आहे. सगळ्यांचं युद्ध एक आहे म्हणूनच सगळ्यांच्या हातातलं शस्त्रही एक ठेवावं लागत असेल, असं मला वाटतं. चौघंही साधारण एका वयाचे, एका तयारीचे असाल, रोज बसणार असाल, पॅच आला की त्यावर तासभर वाद घालण्यातही मजा वाटत असेल, तर हेल्डायव्हर्स घ्या, पस्तावणार नाही. सप्टेंबर २०२४ नंतर तर त्याचा तोल बराच सावरलाय.

एक खुलासा करतो. हे सगळं मी किड्यांविरुद्ध मिळून खेळायच्या गेमबद्दल म्हणतोय. समोर माणूस असेल तिथे बंदूक कमी करणं भागच पडतं, कारण एकाची ओपी बंदूक म्हणजे दुसऱ्याची वाया गेलेली संध्याकाळ. तिथे जोड लावायचं काम मॅचमेकिंगवर येतं, आणि त्याविरुद्धही जाणते खेळाडू सतत बोलत असतात. २०२४ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजनने 'कॉल ऑफ ड्यूटी'मधल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले: जोड लावताना कौशल्याचं वजन कमी केल्यावर कमी कौशल्याचे खेळाडू जास्त प्रमाणात खेळ सोडून जात होते. जे बोलत नव्हते, तेच गेले.

चौघांत एखादी ताई, एखादे काका, एखादं नवखं पोर असेल तर माझा कल डीप रॉककडे आहे. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलात तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. तेवढ्यात हॅझर्ड २ च्या दोन-तीन मोहिमा आरामात होतात. नवख्या माणसाला पहिल्यांदा इंजिनिअर हे पात्र द्या. त्याची ठेवायची बंदूक आपोआप गोळ्या झाडते, आणि डाव समजेपर्यंत तेवढी उसंत पुरते.

ताईला परत बसवायला मला तीन वर्षं लागली. आधी नको म्हणाली, मग 'एकच डाव' म्हणाली. इंजिनिअर घेतला, बोगद्याच्या तोंडाशी ती ठेवायची बंदूक लावली, शेजारी शॉटगन घेऊन उभी राहिली आणि मोजायला लागली. काही शनिवारांनी तिने मॅगझिन मोठं करायचं अपग्रेड घेतलं. कुठलं घेऊ म्हणून भाच्याला विचारलं नाही, स्वतःच वाचून घेतलं. पुढच्या मोहिमेत झुंड आली तेव्हा आम्ही तिघं सवयीने जुन्या आकड्याला बोगद्याकडे वळलो, आणि ती ओरडली, "थांबा रे, अजून आहेत!"