झेलायचं की बघायचं? घरच्यांना घेऊन कोलोनला जावं की रॉटवाइलला

जर्मनीत जानेवारी सरत आला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "आई-बाबा आलेत, पोरं मागे लागलीत, कार्निव्हलची मिरवणूक कुठे दाखवू?" मी आधी उलट विचारते, तुमची माणसं झेलायला येणार आहेत की बघायला? दोन्ही एका जागी नीट होत नाही. हे आम्हाला दोन वर्षांत दोन टोकांना जाऊन कळलं. तेव्हा सोबत चार वर्षांची मुलगी होती, नऊ वर्षांचा मुलगा होता आणि सासूबाई होत्या.

कोलोनला झेलायचं. रथावरून गोळ्या, चॉकलेटं, पॉपकॉर्नची पाकिटं, फुलांचे छोटे गुच्छ असं काय काय बरसत असतं आणि खाली सगळे "कामेले!" म्हणून बोंबलत असतात. कामेले म्हणजे फक्त गोळ्या. पण ओरडल्याशिवाय मिळत नाहीत, आणि आपली मुलं पहिल्या दहा मिनिटांत लाजतात. अकराव्या मिनिटाला ती रस्त्यावर ओणवी झालेली असतात. पिशवी कापडी आणि मोठी घ्या. शाकाहारी घरांसाठी एक सूचना: जेली गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा जिलेटिन असतं. आमच्याकडे घरी आल्यावर तासभर पाकिटं वाचून वर्गवारी चालली होती. मुलाने 'चालणाऱ्या' आणि 'शेजाऱ्यांना द्यायच्या' असे दोन ढीग केले. दुसरा ढीग मोठा निघाला, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

कोलोनमध्येही मिरवणुकीचे दोन दिवस आहेत, रविवार आणि सोमवार, आणि खरी निवड तिथेच चुकते. सोमवारचा म्हणजे रोझेनमोन्टागचा थाट मोठा. ही मिरवणूक १८२३ पासूनची. २०२३ मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून ती पहिल्यांदाच ऱ्हाइन ओलांडून गेली. राजपुत्र, शेतकरी आणि कुमारी या तिघांचा मान सगळ्यात मोठा, आणि त्यातली कुमारी परंपरेने पुरुषच होतो. बँड, घोडे, रथ संपता संपत नाहीत. एका जागी तीन-चार तास सहज जातात, आणि फेब्रुवारीत तेवढा वेळ फुटपाथवर उभं राहणं म्हणजे काय हे पाय सांगतात. गर्दी गणपती विसर्जनाएवढी, फक्त अंगावर स्वेटरचे थर. खरी अडचण थंडीची नाही, संडासाची आहे. मुलीला घेऊन गर्दीतून मागे आले, एका कॅफेसमोर रांगेत उभी राहिले आणि परत आले तोवर आमची पुढची जागा गेली होती. त्या दिवशी आम्ही अर्ध्यातूनच घरी परतलो.

म्हणून लहान मुलं असतील तर माझं मत सरळ रविवारला. त्या दिवशी शहरातल्या शाळा आणि वस्त्यावस्त्यांची मंडळं निघतात. रथ साधे, बरेचसे हातगाड्यांवर उभे केलेले, आणि पोशाख घरी शिवलेले. एका शाळेची मुलं खोक्यांचे रंगीत खडू होऊन चालली होती, त्यातल्या एकाचं टोक गळून पडलं तर त्याची बाई ते काखेत धरून मागून पळत होती. उधळण भरपूर असते, पण फेकणारी मुलंच असल्याने गोळी तुमच्या पोराच्या हातात येण्याची शक्यता जास्त. सोमवारी उंच रथावरून आलेला चॉकलेटचा डबा कपाळावर बसतो तसं इथे सहसा होत नाही.

आणखी एक. कोलोनला बघणाऱ्यांनीही सोंग घ्यायचं असतं. काळं जॅकेट घालून उभे राहिलात तर तुम्हीच वेगळे दिसता. आतून गरम कपडे घालून वरून सैल प्राण्याचा पोशाख चढवणं हा सगळ्यात सोपा उपाय. आमच्या सासूबाईंनी 'मी माझ्या साडीतच येते' म्हणून कानटोपी आणि शालीवर निभावलं. दोघा-तिघांनी पोशाखाचं कौतुक केलं, तेही मनापासून. आणि जयघोष करताना "आलाफ" म्हणा, "हेलाऊ" म्हणू नका. ते डुसेलडॉर्फ आणि माइन्झचं. डुसेलडॉर्फला राजकारण्यांची खिल्ली उडवणारे रथ बघायला मोठ्यांनी जरूर जावं. ते रथ बनवणाऱ्या जाक टिली या कलाकाराच्या पुतळ्यांसाठीच कितीतरी लोक तिथे जातात, पण चार वर्षांच्या मुलीला त्यातलं काय कळणार?

दक्षिण जर्मनीतलं रॉटवाइल हे जुनं गाव म्हणजे दुसरं टोक. तिकडे याला कार्निव्हल म्हणत नाहीत, फास्नेट म्हणतात. सोमवारी सकाळी आठ वाजता जुन्या काळ्या वेशीतून सोंगं बाहेर पडतात. आठ म्हणजे आठ. लांबून येणाऱ्याला आदल्या रात्री मुक्काम करावाच लागतो, आणि खोली बरीच आधी बघावी लागते. मंगळवारी सकाळी पुन्हा आठला आणि मग दुपारी दोनला मिरवणूक असते, त्यामुळे मुलं लवकर उठणारी नसतील तर मंगळवार दुपार धरा.

इथे रथ नाहीत आणि वरून गोळ्यांचा पाऊस नाही. लाकडी कोरीव मुखवटे, अंगावर पिढ्यान् पिढ्या जपलेले पोशाख, आणि काहींच्या छातीवर पट्ट्यांनी बांधलेल्या जड घंटा. ते उड्या मारत येतात तेव्हा अख्खी गल्ली वाजते. एकजण लांब काठी टेकून उंच उड्या मारतो, त्याच्या मुखवट्याला सुळे असतात. मुलगी माझ्या कोटात शिरली ती बाहेर येईना. सासूबाई मात्र पुढे सरकल्या. त्या मूळच्या गुहागरकडच्या. घंटा ऐकल्या तशा म्हणाल्या, "अगं, हा तर आपला संकासूर!" कमरेला घंटा, तोंडाला सोंग, आणि थंडी संपताना येणारा शिमगा. त्यांनी दोन मिनिटांत सगळं जुळवून टाकलं. कोलोनमध्ये तासाभरात 'पाय दुखले' म्हणणाऱ्या सासूबाई इथे शेवटपर्यंत उभ्या राहिल्या.

सोंगं जवळ येऊन बोलतात, कुणाची फजिती झाली असेल तर ती चित्रांच्या वहीतून वाचून दाखवतात. ती बोली मला अर्धीही कळली नाही, पण हसणाऱ्यांकडे बघून हसू येतं. गोळ्या मिळतात त्या मोजक्याच, आणि हातात ठेवतात. मुलगा परतीच्या गाडीत कुरकुरला, "एवढ्या लांब येऊन पिशवी रिकामी."

त्या भागात बऱ्याच गावांत चेटकिणींची सोंगं असतात. त्या कागदाचे कपटे कॉलरमधून आत कोंबतात, कुणाला उचलूनही नेतात. रॉटवाइलला चेटकिणी नाहीत. घाबरट मूल असेल तर गाव निवडताना हे आधी बघाच.

दोन्हीकडे टाळायचा दिवस म्हणजे आधीचा गुरुवार. कोलोनला त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कापतात, ते मजेचं आहे, पण दुपारनंतर रस्त्यावर पिऊन पडलेली पोरं आणि फुटक्या बाटल्या. मुलांना घेऊन नाही.

२०२७ मध्ये रोझेनमोन्टाग ८ फेब्रुवारीला आहे. सासूबाई परत यायचं म्हणतायत, मुलगा म्हणतो कोलोन, त्या म्हणतात रॉटवाइल. मी ७ तारखेचा रविवार कोलोनला आणि ९ तारखेची दुपार रॉटवाइलला अशी गाड्यांची वेळापत्रकं बघत बसलेय. मधला सोमवार प्रवासात जाईल, नवऱ्याला हे अजून सांगितलेलं नाही.