एफ४ की एफ१८? दूध तोडलेल्या पिल्लांच्या हगवणीवर खर्च करण्याआधी

मोहोळ-बार्शीकडच्या वराहपालनाच्या शेडवर दूध तोडलेली डुकराची पिल्लं हगायला लागली की आधी अँटिबायोटिकची बाटली उघडली जाते. माझं म्हणणं असं, की आधी हगवण लावणाऱ्या ई. कोलाय या जंतूचा प्रकार ओळखा. लस कोणती घ्यायची आणि नर कोणता आणायचा, हे त्यावरच ठरतं.

हा जंतू आतड्याला चिकटला तरच रोग करतो. चिकटण्यासाठी त्याच्या अंगावर प्रथिनांचे बारीक धागे असतात, त्यांना फिम्ब्रिया म्हणतात. दूध तोडलेल्या पिल्लांत मुख्य दोन: एफ४, म्हणजे जुना के८८, आणि एफ१८.

एफ४ला धरायला लागणारे रिसेप्टर, म्हणजे चिकटायच्या जागा, पिल्लाच्या आतड्यात जन्मापासूनच असतात. त्यामुळे तो अंगावर पिणाऱ्या पिल्लांनाही गाठतो आणि दूध तोडल्यावर पहिल्या काही दिवसांतच पाण्यासारखी हगवण लावतो. एफ१८चे रिसेप्टर नवजात पिल्लात जवळजवळ नसतात, ते वयाबरोबर वाढतात. आपल्याकडे बरेच जण सहा-आठ आठवड्यांनी दूध तोडतात, पण तेवढ्याने एफ१८ टळत नाही.

एफ१८च्या काही जंतूंकडे शिगा विष असतं. मग हगवण न होताच पापण्या सुजतात, पिल्लू झोकांड्या खातं आणि मरतं. बहुतेकदा कळपातलं सगळ्यात चांगलं वाढलेलं पिल्लूच जातं. ही सूज दिसली तर माझा संशय थेट एफ१८वर जातो.

लसीत इथेच फसगत होते. गाभण मादीला देण्याच्या नेहमीच्या लसींत एफ४ असतो, एफ१८ सहसा नसतो. शिवाय ते संरक्षण दुधातून येतं, दूध तुटलं की संपतं. दूध तोडल्यानंतरच्या रोगासाठी पिल्लालाच द्यायची लस लागते आणि तिच्या लेबलवर तुमचा प्रकार असायला हवा.

पैदाशीच्या बाजूने मला एफ१८चं काम जास्त सरळ वाटतं. एफयूटी१ या जनुकाच्या ठरावीक रूपाच्या दोन्ही प्रती असलेल्या पिल्लाला एफ१८ चिकटत नाही. एकच प्रत असेल तर उपयोग नाही, म्हणून नर आणि मादी दोघांची तपासणी लागते. एफ४चा प्रतिकारही दोन्हीकडूनच यावा लागतो, पण त्यात एक धोका आहे. मादी प्रतिकारक आणि नर तसा नसेल, तर पिल्लांना एफ४ चिकटतो आणि आईच्या चिकात मात्र त्याविरुद्धची प्रतिपिंडं कमी पडतात.

नमुना ताज्या हगवणीचा आणि औषध न दिलेल्या पिल्लाचा घ्या. तालुक्याच्या पशुवैद्यकांमार्फत तो पुण्यात औंधच्या प्रयोगशाळेकडे पाठवता येईल का, ते विचारा. अहवालात नुसतं ‘ई. कोलाय आढळला’ असेल तर काहीच ठरत नाही, कारण निरोगी पिल्लातही तो असतो. फिम्ब्रिया आणि विष यांच्या जनुकांची पीसीआर तपासणी, म्हणजे ती जनुकं आहेत का ते शोधणारी चाचणी, मागा.

तोवर पिल्लांना क्षार-साखरेचं पाणी द्या, सोयाबीन पेंड थोडी कमी करा, हिवाळ्यात रात्री शेड उबदार ठेवा. हे दोन्ही प्रकारांत चालतं. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक मात्र नको: खाद्योपयोगी जनावरांत त्याच्या वापरावर भारतात २०१९ पासून बंदी आहे. हगवण रोखायला खाद्यातून देतात ते औषधी मात्रेतलं झिंक ऑक्साइड युरोपीय संघाने जून २०२२ मध्ये थांबवलं, म्हणून त्यावरही कायमची भिस्त मी ठेवणार नाही.