कम्युनिटी कॉलेजचे तीन कोर्स, माझा अनुभव

कॅलिफोर्नियात राहत असाल आणि रेसिडेंट असाल तर कम्युनिटी कॉलेजची (तिथली स्थानिक सरकारी कॉलेजं) फी युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, फक्त 46 डॉलर आहे, म्हणजे 3 युनिटचा कोर्स 138 मध्ये (पुस्तकं वेगळी, ती जरा रडवतात). मी हौसेने एकाच सेमिस्टरला कायनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचं शास्त्र), लॅटिन आणि पॅरालीगल (वकिलाच्या मदतनीसाचं काम) असे तीन घेतले, घरचे म्हणाले डोकं ठिकाणावर आहे ना!

लॅटिन बेस्ट. शाळेत रामः रामौ रामाः घोकलेलं असेल तर विभक्त्या बघून घाम फुटत नाही, उलट द्विवचन नाही म्हणून हायसं वाटतं. आणि गंमत म्हणजे तेच कायनेसिऑलॉजीत कामाला आलं, बायसेप्स म्हणजे दोन डोक्यांचा, ट्रायसेप्स तीन डोक्यांचा, एकदा कळलं की स्नायूंची नावं पाठ करावी लागत नाहीत. तिथे लॅबही मस्त, चालताना कुठला सांधा किती वळतो ते स्वतःवरच मोजायचं.

पॅरालीगलला मात्र सर नुसत्या स्लाइड वाचायचे, वैताग आला. आणि कोर्स करून वकिली सल्ला देता येईल असं समजू नका, कायद्याने पॅरालीगलला ते चालत नाही, वकिलाच्या हाताखालीच काम. नोकरी करून घेणार असाल तर तिन्ही एकदम नका घेऊ.