पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या गाडीवर टामियाच्या तीन ट्यूब

मॉडेल गाड्यांची किट बनवणाऱ्या टामिया या जपानी कंपनीचं पॉलिशिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकाकी आणणारी पेस्ट, तीन ट्यूबमध्ये येतं: लाल टोपणाची कोअर्स, निळ्या टोपणाची फाइन, पांढऱ्या टोपणाची फिनिश. प्रत्येकी २२ मिलि. मुळात ते रंगाला आरशासारखी चकाकी आणण्यासाठी आहे, पण पिवळ्या पडलेल्या पांढऱ्या मॉडेल गाड्यांवर त्याचा फार उपयोग होतो. फसगतही तितकीच होते, कारण कंपाउंड पिवळेपणा धुऊन काढत नाही, रंगाचा वरचा थर झिजवतं. पिवळेपणा त्या थरात असेल तर गाडी पुन्हा पांढरी दिसते. खाली असेल तर गाडी पिवळीच राहते, फक्त चकचकीत होते.

म्हणून ट्यूब उघडण्याआधी पिवळं नेमकं काय पडलंय ते शोधायचं. पांढऱ्या रंगातलं टायटेनियम डायऑक्साइड स्वतः पिवळं पडत नाही. पिवळं पडतं ते त्याला धरून ठेवणारं रेझिन, वरचा क्लिअर लॅकर (पारदर्शक थर, यालाच नुसतं ‘क्लिअर’ म्हणतात), डीकॅलची (पाण्याने चिकटवायच्या चित्र-अक्षरांची) पारदर्शक फिल्म, नाहीतर खालचं प्लास्टिक. मुंबईच्या घरांत आणखी एक कारण असतं. हॉलमधली शोकेस बहुधा देवघराला किंवा स्वयंपाकघराला लागून असते, आणि उदबत्तीचा धूर नि फोडणीची तेलकट वाफ मिळून गाडीवर चिकट तपकिरी पापुद्रा धरतो. तो आधी घालवा. अर्धा लिटर कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे तीन थेंब टाका आणि मेकअपच्या मऊ ब्रशने टपापासून खाली या. डायकास्ट (ओतीव धातूची) गाडी पाण्यात बुडवू नका, आतले स्क्रू गंजतात. ओलसर कापसाचे बोळे पुरतात. कित्येक गाड्यांचं काम इथेच संपतं आणि कंपाउंड लागतच नाही.

धुतल्यावरही पिवळी दिसली तर दाराखालच्या पट्टीवर किंवा डिकीच्या आतल्या कडेला ५ मिमीची जागा निवडा. ओलसर सुती कापडावर मुगाच्या दाण्याएवढं फाइन घ्या, हलक्या हाताने वीस वेळा सरळ घासा, पुसा आणि शेजारी कोरा कागद धरून खिडकीच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली पारख करू नका. ठिपका पांढरा दिसला तर दोष वरच्या थरात आहे, पुढे जा. थोडाच फिकटला तर क्लिअर आरपार पिवळा झालाय. घासून तो पातळ होईल, पूर्ण पांढरा होणार नाही. काहीच फरक पडला नाही तर थांबा.

दोन सापळे मात्र ध्यानात ठेवा. काही गाड्यांचा पांढरा मुळातच दुधी असतो. होंडाची १९६५ ची शर्यतीची गाडी आरए२७२ हस्तिदंती आहे, आणि टामियाचा टीएस-७ रेसिंग व्हाइट हा स्प्रे रंगही तसाच. स्वच्छ पांढरा हवा असेल तर टीएस-२६ प्युअर व्हाइट. मूळचा रंग दोष समजून घासून टाकला तर तो परत येत नाही. दुसरं, एनॅमलचा (तेलाधारित रंगाचा) पांढरा अंधारात पिवळा पडतो. वर्षानुवर्षं कपाटातल्या डब्यात राहिलेली एनॅमलची गाडी घासू नका. ऊन थेट पडणार नाही अशा उजेडाच्या जागी दोनेक आठवडे ठेवा. बराचसा पिवळेपणा आपोआप उतरतो, फुकटात.

आता प्रत्यक्ष काम. कंपाउंड सर्वात आधी कडा खातं, कारण बॉनेटच्या काठावर, चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या रेषांवर रंग सर्वात पातळ बसलेला असतो. तिथे ६ मिमीची मास्किंग टेप लावा, मधला भाग करा, शेवटी टेप काढून कडांवर फक्त फिनिशचे दोन-चार हात फिरवा. डीकॅल क्लिअरच्या वर असेल तर तोही झाका. तर्जनीला मऊ सुती कापड गुंडाळून ओलसर करा, एका वेळी दोन-तीन सेंटीमीटरचीच जागा घ्या. हात गाडीच्या लांबीच्या दिशेने सरळ चालवा. गोल घासल्यास भोवऱ्यासारखे ओरखडे राहतात आणि पांढऱ्यावर ते तिरप्या उजेडात हमखास दिसतात. वीस हातांनंतर बोट लावून बघा. पृष्ठभाग कोमट लागला तर थांबा, कारण पॉलिस्टायरीन प्लास्टिकवरचा रंग उष्णतेने मऊ होऊन कापडाला धरतो. फाइनने पांढरेपणा आला की कापड बदलून फिनिश. दोन्हींचं कापड एक ठेवलं तर फिनिश लावण्यात अर्थ नाही.

कोअर्स या कामासाठी विकत घेऊ नका. ती २००० ग्रिटच्या बारीक पॉलिशपेपरने घासल्यावरचे ओरखडे काढायला चांगली आहे, पण जुन्या पातळ क्लिअरवर ती इतकी झपाट्याने खाते की खालचा प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) दिसेपर्यंत कळतच नाही.

एक त्रास मात्र ट्यूबमुळेच होतो. वाळलेलं कंपाउंड पॅनेल लाइनमध्ये, म्हणजे दार-बॉनेटच्या कोरलेल्या रेषांत अडकतं. पांढऱ्या गाडीवर ते लगेच दिसत नाही, पण त्यावर धूळ बसली की रेषा काळपट होतात. वाळायच्या आत साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ टूथब्रशने रेषा स्वच्छ करा.

टूथपेस्ट आणि मोटारींचं पॉलिश हे पर्याय नकोत. टूथपेस्टमधले कण किती बारीक आहेत याचा भरवसा नसतो. मोटारींच्या बऱ्याच पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं, आणि पुढे कधी क्लिअर मारला की तो माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे सोडून आकसतो.

क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला सलूनच्या मालाच्या दुकानांत मिळणारं ४० व्हॉल्यूम क्रीम डेव्हलपर, म्हणजे १२ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हे रंग न दिलेल्या प्लास्टिकसाठी आहे. पांढऱ्या प्लास्टिकातच ओतलेली जुनी बॉडी असेल तर क्रीम लावा, पारदर्शक पिशवीत बंद करा, दोन-तीन तास उन्हात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने क्रीम फिरवत राहा, नाहीतर डाग पडतात. हातमोजे घालाच. रंगावर, क्रोमवर, डीकॅलवर ते लावू नका. न वापरलेला डीकॅलचा पिवळा कागद मात्र झिप पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला की काही दिवसांच्या उन्हात फिल्म फिकटते. पावसाळ्यात हे जमत नाही.

पॉलिशनंतर क्लिअर मारणारच असाल तर मिस्टर सुपर क्लिअर यूव्ही कट ग्लॉस (उन्हातले अतिनील किरण अडवणारा चकचकीत लॅकर स्प्रे), बी-५२२, १७० मिलिचा कॅन घ्या. साध्या लॅकर क्लिअरपेक्षा पांढऱ्यावर हाच योग्य. आधी साबणाने कंपाउंडचा अंश पूर्ण घालवा. कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवा, गरम पाण्यात कधीही नाही. २० ते २५ सेंमीवरून दोन हलके थर द्या, मध्ये १५ मिनिटं, मग एकच ओला थर. पहिलाच थर ओला मारला तर डीकॅल सुरकुततात. खाली एनॅमल असेल तर हा लॅकर मारूच नका, रंग उचलला जातो. जून ते सप्टेंबर हे काम टाळा: दमट हवेतलं पाणी थरात अडकून धुरकट पांढुरकेपणा येतो, आणि पांढऱ्या गाडीवर तो वाळेपर्यंत लक्षातही येत नाही. लॅमिंग्टन रोडवर आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो. ६५ टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच कॅन उचला. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला मास्क लावा. कापडी मास्क इथे कामाचा नाही.

यूव्ही कट म्हणजे कायमचं संरक्षण नव्हे. साध्या खिडकीच्या काचेतून यूव्हीए हे अतिनील किरण आत येतातच, तेव्हा पश्चिमेच्या खिडकीसमोरची शोकेस हलवावीच लागेल.

तिन्ही ट्यूब शहरातल्या हॉबी दुकानांत मिळतात, पण फाइन नेमकी संपलेली असते, म्हणून आधी फोन करा. स्प्रे कॅन मात्र विमानाच्या कुरिअरने जात नाही. बाहेरगावाहून मागवलात तर तो रस्त्याने येतो आणि वेळ घेतो, तेव्हा कॅनची ऑर्डर गाडीला हात घालण्याआधी द्या. २२ मिलिची फाइन १:२४ प्रमाणाच्या (खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाच्या) बऱ्याच बॉड्यांना पुरते. टोपण घट्ट लावा. तोंडाशी वाळलेला खडा कापडावर आला तर तो पांढऱ्या बॉनेटवर लांब ओरखडा काढतो, म्हणून दर वेळी पहिला थेंब कागदावर काढून टाका.