एकच भिंत, एकच चित्र: सह्यांचं लँकॅस्टर की लॉरा नाइटचं ‘टेक ऑफ’?

भिंत एकच आणि पैसेही एकाच चित्राचे, असं धरून लिहितोय. विषय तुमचा ठरलेला आहे: दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश बॉम्बर आणि त्यांत बसणारी पोरं. पोरं मुद्दाम म्हणतो. बॉम्बर कमांडकडून, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर शाखेकडून, साधारण सव्वा लाख जण उडाले, त्यांतले ५५,५७३ मारले गेले. बहुतेकांनी पंचविशीही पाहिली नव्हती.

पहिला पर्याय सगळ्यांना माहीत असतो. रॉबर्ट टेलर किंवा जेराल्ड कूलसन यांच्यासारख्या चित्रकाराची लिमिटेड एडिशन प्रिंट: संध्याकाळचे ढग, चार मर्लिन इंजिनांचं लँकॅस्टर बॉम्बर, खाली समासात पेन्सिलीने क्रमांक, चित्रकाराची सही आणि शेजारी त्या विमानांतून उडालेल्यांच्या सह्या. किंमत चित्राची कमी, या सह्यांचीच जास्त. आता नवीन सह्या होणं जवळजवळ संपलंय. डॅमबस्टर्स मोहिमेवर (१९४३ मध्ये जर्मनीतली धरणं फोडायला) गेलेल्या १३३ जणांपैकी शेवटचे हयात, बॉम्ब-एमर (बॉम्बचा नेम धरणारे) जॉनी जॉन्सन, डिसेंबर २०२२ मध्ये १०१ व्या वर्षी वारले. म्हणजे मिळेल ती प्रिंट कुणाच्या तरी भिंतीवरून उतरलेली. प्रमाणपत्र मागाच, पण त्याआधी कागद उजेडात तिरका धरा. पेन्सिलीची रेघ चकाकते आणि कागदावर किंचित दाब उमटलेला असतो. सही छापील असेल तर भिंगाखाली बारीक ठिपके दिसतात.

या चित्रांबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. लँकॅस्टरमध्ये सात जण असत, आणि ते चित्रात दिसतात कुठे? कॉकपिटच्या काचेत एक-दोन सावल्या आणि शेपटीच्या टरेटमध्ये, म्हणजे मशीनगनच्या फिरत्या घुमटीत, एक ठिपका. तो ठिपका म्हणजे रिअर गनर. बाकीच्या सहांपासून लांब, कडाक्याच्या थंडीत तासन्‌तास उलटं तोंड करून बसलेला. धूसर काचेतून नीट दिसत नाही म्हणून पुढची काचच काढून टाकणारेही त्यांच्यात होते. दुसरं म्हणजे या मोहिमा मुख्यतः रात्रीच्या. खरोखरची रात्र रंगवली तर काळ्या कागदाशिवाय काय दिसणार? म्हणून या प्रिंटमध्ये सूर्य नेहमी नुकताच मावळलेला तरी असतो, नाहीतर नुकताच उगवलेला.

ब्रिटिश चित्रकार लॉरा नाइटने उलटं केलं. १९४३ मध्ये ती इंग्लंडमधल्या मिल्डनहॉलच्या हवाई तळावर राहिली आणि स्टर्लिंग बॉम्बरच्या आतलं चित्र काढलं: ‘टेक ऑफ’. आकार सहा फूट बाय पाच फूट. विमानाचा बाहेरचा आकार यात नाहीच. यंत्रं, नकाशे आणि त्या दाटीत उड्डाणाच्या क्षणी आपापल्या कामात गढलेले चौघे. पुढे त्यातला नॅव्हिगेटर (मार्ग आखणारा) मारला गेला, तेव्हा चित्राचा फोटो त्याच्या घरच्यांना मिळेल अशी व्यवस्था तिने केली. मूळ चित्र लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात आहे. तुम्ही लावाल ती साधी छापील प्रत, ना क्रमांक ना सही. उद्या विकायला काढलीत तर कागदाचेही पैसे सुटणार नाहीत.

अमेरिकन बी-१७ बॉम्बरचीही चित्रं ढिगाने मिळतात. त्यांचे हल्ले दिवसाचे, त्यामुळे निळं आकाश, पांढऱ्या धुराच्या रेघा. अंधाऱ्या हॉलमध्ये ही चित्रं लँकॅस्टरपेक्षा उठून दिसतात. ब्रिटिश चित्रकार पॉल नॅशचं ‘बॅटल ऑफ जर्मनी’ (१९४४) मात्र जेवणाच्या खोलीत लावू नका. त्यात बॉम्ब पडताहेत ते शहर आहे.

पुणेकर असाल तर आणखी एक वाट आहे. युद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर ही अमेरिकी बनावटीची बॉम्बर विमानं बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने दुरुस्त केली, आणि भारतीय हवाई दलाच्या लोहगावातल्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ती पुढे कितीतरी वर्षं उडवली. त्यांतलं एक १९७४ मध्ये ब्रिटनच्या आरएएफ (रॉयल एअर फोर्स) म्युझियमला भेट म्हणून गेलं. लिबरेटरचं चित्र भिंतीवर असलं की ही गोष्ट पाहुण्यांना सांगता येते.

चित्र कुठलंही घ्या, फ्रेमवाल्याला आधी विचारा, मागे काय लावणार? माझ्या पहिल्या प्रिंटमागे एकाने साधा पुठ्ठा ठोकला आणि काच थेट कागदाला भिडवली. दोन पावसाळ्यांत ढगांमध्ये तपकिरी डाग आले, माझ्या भाच्याला ते विमानविरोधी तोफांचे स्फोट वाटले. अ‍ॅसिड-फ्री माउंट (चित्राभोवतीचा आम्ल नसलेला पुठ्ठा) घ्या, काच आणि कागदात फट ठेवायला सांगा आणि समोर खिडकी येईल अशी भिंत टाळा. उन्हात पेन्सिलीच्या सह्या टिकतात, छपाईचे रंग उडतात.

विमानवेड्या पोराला भेट द्यायची असेल किंवा पैसे अडकून राहिलेले चालणार नसतील, तर सह्यांचं लँकॅस्टर. स्वतःच्या घरात रोज बघायचं असेल तर मी ‘टेक ऑफ’च म्हणेन. बायको अजूनही विचारते, यात विमान कुठंय?