आईला ठेवलंय त्या केअर होमबद्दल, आणि खर्चाबद्दल जरा स्पष्टच

कळंब्याकडच्या एका केअर होममध्ये आईला ठेवून ५ महिने झाले. माणसं खरंच चांगली आहेत, सकाळच्या मावशी आईची वेणी घालतात आणि "आक्का, चला उन्हात बसू" म्हणून हात धरून गॅलरीत नेतात, तेवढं बघूनच माझा जीव भांड्यात पडतो.

पण पैशाचं आधी नीट विचारून घ्या बरं का. फोनवर २२,००० सांगितले आणि पहिलं बिल आलं ३१,४०० चं. डायपर ३,६००, फिजिओ १२ वेळा ४०० प्रमाणे ४,८००, औषधं १,०००, सगळं वेगळं. डिपॉझिट १ लाख, त्यातलं परत किती मिळणार ते लेखी मागितल्यावरच दिलं, हे मला अजिबात पटलं नाही.

मेडिक्लेमचं म्हणाल तर तो अ‍ॅडमिट झाल्यावर, असल्या राहण्याच्या खर्चाला नाही. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान कार्डही दवाखान्यापुरतंच. आम्ही बाबांच्या मागं राहिलेले १५ लाख पोस्टात सिनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले, ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० येतात, म्हणजे एका महिन्याचं बिलसुद्धा पुरतं निघत नाही, बाकीचं मी आणि दादा निम्मंनिम्मं भरतो.

जेवण बेताचं, तांबडा पांढरा मागू नका, पण भाकरी मऊ असते आणि आईला चावता येते. ४ स्टार. एक स्टार त्या बिलाचा कापला.